वकिलाची फी: 11 महिन्यांनंतर

वडिलांच्या जमिनीत माझा हिस्सा मिळावा म्हणून वाटपाचा दावा लावला, त्याला 11 महिने झाले. निकाल दूरच आहे, पण फीचं गणित थोडंफार कळलंय.

पहिले वकीलसाहेब ओळखीतले. "फीचं नंतर बघू, ताई," म्हणाले आणि मीही संकोचाने विचारलं नाही. आधी 5,000 घेतले, मग दर तारखेला 1,000. स्वस्त वाटलं. पण 7 तारखांपैकी 4 नुसत्याच गेल्या. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा भावाला समन्सच बजावलं नव्हतं, दोनदा समोरच्यांनी मुदत मागितली. माझे हजार मात्र चारही वेळा गेले. वर टायपिंग, नकला, समन्स बजावणाऱ्या बेलिफाचा भत्ता, कारकुनाचं चहापाणी. पावती कशाचीच नाही.

मी कुरकुरले तेव्हा म्हणाले, "मग फी राहू द्या, जमीन मिळाली की 10 टक्के द्या." चुलतभावाला हे फार पसंत पडलं! पण बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांत निकालावर फी ठरवायला आणि मिळालेल्या मिळकतीत वाटा घ्यायला वकिलाला चक्क मनाई आहे.

वकील बदलायचं ठरवलं तर फाइल अडली. "आधी बाकी द्या." फी थकली तरी अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगितलंय. हे शांतपणे सांगितल्यावर दोन दिवसांत फाइल आणि नवा वकील लावायला त्यांची ना हरकत, दोन्ही हातात.

आताच्या वकीलबाईंनी कागदावर लिहून दिलंय: ठोक 45,000. वकीलपत्राला 15 हजार, मुद्दे निघाल्यावर (म्हणजे वाद नेमका कशावर ते कोर्टाने ठरवल्यावर) 15, पुराव्याच्या वेळी 15. खर्च पावतीप्रमाणे, अपील झालं तर वेगळं. तक्रार एवढीच की तारखेला बहुतेक वेळा ज्युनिअर येतो आणि फोन सहसा उचलला जात नाही. ठोक फीत वकिलाला घाई नसते, हेही खरं. पण तारीख का गेली ते मी आता ई-कोर्टच्या अ‍ॅपवर स्वतः बघते.

चुटपुट एकाच गोष्टीची. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईमाणसाला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागता येतो. तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस आमच्या कोर्टाच्याच आवारात आहे. झेरॉक्सच्या रांगेत मी त्याच दारासमोर उभी राहायचे.