वाटाड्यासोबत माथेरान: पत्रकातले पंधरा पॉइंट आणि प्रत्यक्षातले सहा

गेल्या डिसेंबरात एका रविवारी आई, माझा बारा वर्षांचा भाचा आणि मी अशा तिघांनी माथेरानची एक दिवसाची सहल केली. मुंबई-ठाण्याकडच्या एका लहान सहल कंपनीने ती आखलेली होती. नेरळ स्थानकावर सकाळी आठला जमायचे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथेच निरोप घ्यायचा, असा तिचा आराखडा होता. माणशी १,४५० रुपयांत नेरळ ते दस्तुरी नाका येण्याजाण्याची टॅक्सी, नगरपरिषदेचा प्रवासी कर, नाश्ता, जेवण, ‘मिनी ट्रेनची सफर’ आणि दिवसभर सोबतीला स्थानिक वाटाड्या इतके सगळे धरलेले होते. हेच सगळे स्वतः जमवले असते तर साधारण निम्म्या पैशांत झाले असते, कारण कर्जत लोकलने नेरळला उतरून सामायिक टॅक्सीने दस्तुरी गाठण्यात अवघड असे काही नाही. तेव्हा उरलेले निम्मे पैसे ज्यासाठी मोजायचे तो वाटाड्या कसा आहे, यावरच या सहलीचे मोल ठरते. आमचा वाटाड्या उत्तम होता, मात्र कंपनीच्या नियोजनाबद्दल तसे म्हणता येणार नाही.

माथेरानच्या एका दिवसाचा हिशेब आधी समजून घ्यायला हवा. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारींना बंदी आहे. तिथून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटरवर आहे आणि हे अंतर पायी, घोड्यावर, ई-रिक्षातून किंवा अमन लॉज स्थानकातून सुटणाऱ्या शटल गाडीने कापावे लागते. खरे माथेरान त्याच्याही पुढे सुरू होते आणि तिथे जिकडेतिकडे चालावेच लागते. नेरळला आठ वाजता पोहोचलेल्या माणसाला परतीची वेळ वजा केल्यावर डोंगरावर जेमतेम सहा-सात तास मिळतात आणि त्यातला एक तास जेवणात जातो. कंपनीच्या पत्रकात मात्र ‘पंधरा पॉइंट, शारलॉट तलाव, बाजारपेठ आणि पॉर्क्युपाइन पॉइंटवरचा सूर्यास्त’ असे छापलेले होते. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि परतीचा निरोप नेरळला सहाला, म्हणजे हे पत्रक लिहिणाऱ्याने माथेरान पाहिले नसावे किंवा घड्याळ तरी पाहिले नसावे.

पहिला घोळ दस्तुरीला झाला. टॅक्सीने नेरळचा तीव्र वळणांचा घाट चढून आम्ही चौदा जण पावणेनऊच्या आत वर पोहोचलो होतो. करही भरला, नाश्त्याचा कांदेपोह्यांचा पुडा हातात आला आणि मग कळले की शटलची तिकिटे कोणी काढलेलीच नाहीत. रविवारच्या रांगेत कंपनीचा मुलगा तासभर उभा राहिला. दरम्यान घोडेवाले आणि हमाल यांच्या गराड्यात आमच्यातल्या दोन कुटुंबांनी वैतागून घोडे केले, ते अर्थातच स्वतःच्या खर्चाने. त्याहून जास्त खटकली ती ‘मिनी ट्रेनची सफर’ या शब्दांतली चलाखी. हे शब्द वाचून कोणाच्याही डोळ्यांसमोर नेरळपासून डोंगराला वेढे घालत चढणारी, जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही स्थानके घेत जाणारी २१ किलोमीटरची गाडीच येते. आम्हाला मिळाला तो तिचा शेवटचा तुकडा, अमन लॉज ते माथेरान. एका दिवसाच्या सहलीत नेरळपासून गाडीने वर न जाणे हा निर्णय मुळात योग्यच आहे, कारण ती अडीच तासांहून अधिक वेळ घेते आणि पावसाळ्यात तर खालचा मार्ग बंदच असतो. तरीही पत्रकात ‘शटल’ असा साधा शब्द छापला असता, तर ज्या आजोबांनी नातवाला आगगाडीसाठी म्हणून आणले होते त्यांची निराशा झाली नसती.

दहाच्या सुमारास अमन लॉजच्या फलाटावर आमचे वाटाडे भेटले. पन्नाशीचे, माथेरानातच जन्मलेले, डोक्यावर टोपी आणि हातात वेळूची काठी. पत्रकाची घडी उलगडून त्यांनी ते शांतपणे वाचले आणि म्हणाले, “ताई, पंधरा पॉइंट मी तुम्हाला मोजून दाखवीन, पण मग दिसणार एकही नाही. सहा बघू, नीट बघू.” आमच्यातल्या एका गृहस्थांनी पैसे पंधरांचे घेतले आहेत अशी हरकत घेतली, त्यावर वाटाड्यांनी त्यांच्याशी वाद न घालता “काका, संध्याकाळी सांगा मला,” एवढेच म्हटले आणि चालायला सुरुवात केली. संध्याकाळी त्या काकांनी काही सांगितले नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

त्यांच्या निवडीमागे एक साधे तत्त्व होते आणि ते मला याआधीच्या दोन माथेरानवाऱ्यांत कधी सुचले नव्हते, ते म्हणजे सूर्य पाठीशी हवा. माथेरान हा दक्षिणोत्तर पसरलेला, सर्व बाजूंनी तुटलेल्या कड्यांचा डोंगर आहे. सकाळी पश्चिमेच्या कड्यांवर उभे राहिले, की ऊन मागून येते आणि समोरच्या प्रबळगडाची प्रत्येक घळ उजळून दिसते. दुपारनंतर पूर्वेकडे जावे, म्हणजे उल्हास नदीचे खोरे आणि त्यापलीकडची सह्याद्रीची भिंत प्रकाशात येते. बहुतेक लोक बाजारात पोहोचल्यावर जवळ पडतात म्हणून आधी पूर्वेचे पॉइंट उरकतात आणि डोळ्यांवर ऊन घेत धुक्यासारखी पांढरी दरी पाहून परततात. आम्ही त्याउलट लॉर्ड, सीलिया, शारलॉट तलाव, एको आणि लुईसा अशा क्रमाने गेलो.

लॉर्ड पॉइंटवर समोर प्रबळगड आणि त्याच्या डावीकडे इर्शाळगडाचे सुळके दिसतात. जुलै २०२३ मध्ये त्याच गडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. वाटाड्यांनी काठीने ती बाजू दाखवली, दोन वाक्यांत काय झाले ते सांगितले आणि त्याचा तमाशा न करता पुढे निघाले. शारलॉट तलावाशी मात्र ते रेंगाळले, कारण तिथे माथेरानचे ग्रामदैवत असलेल्या पिसारनाथाचे मंदिर आहे आणि आईला दर्शन निवांत घ्यायचे होते. हा तलाव गावाला पाणी पुरवणारा असल्याने त्यात पाय बुडवायलाही त्यांनी आमच्या भाच्याला मनाई केली. एको पॉइंटवर मुलांनी अपेक्षेप्रमाणे घसा बसेपर्यंत ओरडून घेतले. लुईसाला पोहोचेतो मात्र बारा वाजून गेले होते आणि कड्यावरचा प्रकाश सपाट झाला होता. दस्तुरीला गेलेला तो एक तास आम्हाला नेमका इथे नडला. वाटाडेही म्हणाले, की हे दृश्य साडेदहाला पाहायचे असते.

या वाटचालीत त्यांनी जे सांगितले तेच मला सहलीतले सर्वात मोलाचे वाटते. माथेरान ‘शोधले’ ते ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० च्या मे महिन्यात, असे प्रत्येक माहितीफलकावर लिहिलेले असते. ते सांगून झाल्यावर आमच्या वाटाड्यांनी विचारले, की मग माथ्यावरचे रान हे नाव त्याच्या आधी कोणी ठेवले होते? डोंगरावर धनगर, ठाकर आणि कातकरी आधीपासून होतेच. पॉइंटांची नावे लॉर्ड, सीलिया, लुईसा अशी झाली, तरी पिसारनाथ आपल्या जागी राहिला. आगगाडीची हकीकतही त्यांनी नुसती तारखेपुरती सांगितली नाही. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या खटपटीतून १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग बांधला गेला. दोन फुटांच्या अरुंद रुळांमुळेच गाडी इतकी तीव्र वळणे घेऊ शकते, हे त्यांनी रुळांवर काठी आडवी ठेवून मुलांना दाखवले. २००५ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत मार्ग उद्ध्वस्त झाला आणि तो पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडले. त्या दोन वर्षांत बाजारपेठेची काय अवस्था झाली होती, हे फक्त इथला माणूसच सांगू शकतो.

बाजारात शिरताना ते थांबले आणि त्यांनी भाई कोतवालांचे नाव घेतले. १९१२ मध्ये माथेरानातच एका नाभिक कुटुंबात जन्मलेले, वकील झालेले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष राहिलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांनी १९४२ च्या आंदोलनात आझाद दस्ता हे भूमिगत पथक उभारून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. पुढे दुपारी पूर्वेच्या कड्यावर उभे असताना वाटाड्यांनी सिद्धगडाच्या दिशेने काठी केली, तेव्हा बाजारात ऐकलेली गोष्ट आणि समोरचे डोंगर जोडले गेले. पत्रकात या माणसाचा साधा उल्लेखही नाही, ‘हनिमून पॉइंट’ मात्र ठळक अक्षरांत आहे.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखे काही नाही. ठरलेल्या खाणावळीतली पोळी, उसळ, वरण-भात आणि कोकम सरबत गरम, स्वच्छ आणि पोटभर होते. त्यानंतर मात्र आम्हाला एका विशिष्ट चिक्कीच्या दुकानात आणि मग चपलांच्या दुकानात नेऊन पाऊण तास घालवण्यात आला. हा थांबा कंपनीने ठरवलेला होता, वाटाड्यांनी नव्हे. ते बाहेर दगडावर बसून माकडांना हुसकावत राहिले. चिक्की माथेरानात कुठेही चांगलीच मिळते, त्यासाठी कोणी हात धरून नेण्याची गरज नाही. याच पाऊण तासात चालत वन ट्री हिलपर्यंत जाणे झाले नसते हे खरे, पण खंडाळा आणि अलेक्झांडर या दोन पॉइंटांवर अधिक वेळ नक्की मिळाला असता. अलेक्झांडरवरून खाली उल्हासचे खोरे आणि एका बाजूला गार्बेटचे पठार तिरप्या उन्हात फार सुंदर दिसत होते आणि आम्हाला तिथून वीस मिनिटांत उठावे लागले.

ज्येष्ठांना सोबत नेणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. दिवसभरात आमचे आठ-नऊ किलोमीटर चालणे झाले. वाटा जांभ्याच्या लाल मातीच्या आहेत, सावली दाट आहे आणि सुमारे ८०० मीटर उंचीमुळे डिसेंबरात घाम येत नाही, पण उतारावर सुटी माती पाय घसरवते आणि घोड्यांच्या टापांनी उडालेली धूळ श्वासात जाते. सहासष्ट वर्षांच्या आईने पश्चिमेची फेरी आनंदाने केली, दुपारी मात्र तिचे गुडघे बोलू लागले. वाटाड्यांनी हे आमच्याआधी ओळखले आणि तिला बाजारातल्या ओळखीच्या घराच्या ओट्यावर बसवून परतीच्या वेळी सोबत घेतले. हाताने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, तो मला योग्यच वाटतो; माणसाने माणसाला चढावर ओढत न्यावे हे पाहवत नसे. पण ई-रिक्षा मोजक्या आहेत, रविवारी त्यांची रांग लांब असते आणि त्या सगळ्या पॉइंटांवर नेत नाहीत. ज्यांना दोन-तीन किलोमीटर सलग चालवत नाही, त्यांनी ही सहल घेऊ नये, किंवा किमान रविवारी घेऊ नये. कंपनीने नोंदणीच्या वेळी हे विचारायला हवे होते, तिने फक्त वय विचारले.

परतीला आम्ही शटलची वाट न पाहता रुळांच्या कडेने दस्तुरीपर्यंत चालत आलो. आई ई-रिक्षाने आली. दिवसातला सर्वात शांत अर्धा तास तोच होता. या रस्त्यावर माती वाहून जाऊ नये म्हणून जिथे ठोकळे बसवले आहेत, तिथे घोडे घसरतात अशी घोडेवाल्यांची तक्रार आहे. वाटाड्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि आपले मत विचारल्यावर हसून “आमचा भाऊ घोडेवाला आहे,” एवढेच उत्तर दिले.

पहिल्यांदा माथेरानला जाणारे, शाळकरी मुलांना घेऊन जाणारे आणि चालण्याची आवड असूनही वाटा माहीत नसलेले लोक यांना वाटाड्यासोबतची सहल मी नक्की सुचवीन. नोंदणी करताना मात्र दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. शटलची तिकिटे कोण आणि केव्हा काढणार, आणि वाटाड्या माथेरानचाच आहे ना? शक्य असल्यास शनिवार-रविवार टाळावा. ज्यांनी माथेरान आधी पाहिले आहे त्यांनी कंपनीच्या वाटेला न जाता बाजारात थेट स्थानिक वाटाड्या करावा आणि एक रात्र मुक्काम ठेवावा, म्हणजे पॉर्क्युपाइनचा सूर्यास्तही पदरात पडेल.

घरी आल्यावर मी कंपनीला शटल, दुकानांतला पाऊण तास आणि पंधरा पॉइंट या तिन्ही गोष्टींबद्दल लिहिले. चार दिवसांनी नम्र उत्तर आले, गाडीच्या नावाने घेतलेल्या रकमेतले काही पैसे परतही मिळाले. जानेवारीचे नवे पत्रक परवा व्हॉट्सअ‍ॅपवर आले, त्यात आता अठरा पॉइंट आहेत.