बेस्टच्या बसने मुंबई पाहताना : मार्ग 123 आणि मार्ग 271

मुंबई पाहायला आलेल्या पाहुण्याला आपण बहुधा लोकलने कसे फिरावे ते समजावून सांगतो, नाहीतर दिवसभरासाठी टॅक्सी ठरवून देतो. लोकल वेगवान आहे याबद्दल वाद नाही; मात्र तिच्या खिडकीतून इमारतींच्या मागच्या बाजू, नाले आणि रुळांलगतच्या भिंतीच अधिक दिसतात. दुकानांच्या पाट्या, चाळींचे सज्जे, देवळांचे कळस, बाजाराची गर्दी आणि एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत शिरताना पालटत जाणारी माणसांची चालण्याबोलण्याची तऱ्हा हे सारे रस्त्यावरूनच पाहावे लागते, आणि ते थोड्या उंचीवरून पाहता आले तर अधिक नीट दिसते. बेस्टची बस ही सोय अत्यंत कमी पैशांत करून देते. शहर पाहण्याचे साधन म्हणून ही सेवा कशी आहे, एवढाच विचार येथे केला असून त्यासाठी स्वभावाने अगदी भिन्न असे दोन मार्ग निवडले आहेत.

पहिला मार्ग 123, आर. सी. चर्च ते ताडदेवचा वसंतराव नाईक चौक. मुंबईतील पहिली बस 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या रस्त्यावर धावली. 2026 मध्ये त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण होतात. 123 ची बस निघाल्यावर थोड्याच वेळात त्याच अफगाण चर्चवरून जाते. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या चर्चचा उंच मनोरा बसच्या खिडकीतून झाडांच्या वर दिसतो. पुढे कुलाबा कॉजवेची दाटी, वस्तुसंग्रहालयाचा चौक आणि चर्चगेट ओलांडून बस मरीन ड्राइव्हला लागते, आणि येथे कोणत्या बाजूला बसलो आहोत याला फार महत्त्व येते. ताडदेवकडे जाताना बस समुद्राच्या बाजूने धावते, म्हणून डावीकडच्या खिडकीतून केवळ कठडा आणि पाणी दिसते. परतीच्या फेरीत तीच डावी खिडकी इमारतींच्या अगदी जवळून जाते आणि गोलाकार सज्जे, जिन्यांच्या उभ्या काचा, दर्शनी भागावर कोरलेली इमारतींची नावे निवांत पाहता येतात. दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यात मरीन ड्राइव्हची ही रांग आहे. त्यामुळे हा मार्ग एकाच दिशेने करू नये, जाऊन परत यावे असा माझा आग्रह आहे. बसमधील डावीकडच्या पुढच्या काही जागा महिलांसाठी राखीव असतात. इतरांनी त्यामागच्या रांगा धराव्यात.

गिरगाव चौपाटीनंतर समुद्र सुटतो आणि नाना शंकरशेट यांचे नाव धारण करणाऱ्या नाना चौकातून बस ताडदेवला पोहोचते. हा शेवटचा टप्पा पाहुण्यांना फारसा रुचत नाही असे दिसते, पण मला तो आवडतो, कारण तासाभरात लष्करी वसाहत, बाजार, सरकारी कचेऱ्या, समुद्रकिनारा आणि जुनी मध्यमवर्गीय वस्ती असा क्रम एका तिकिटात पुरा होतो.

दुमजली बसचा उल्लेख येथे करायला हवा. 1937 मध्ये मुंबईत आलेल्या दुमजली बसच्या डिझेलवरील शेवटच्या गाड्या सप्टेंबर 2023 मध्ये सेवेतून निघाल्या. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वातानुकूलित विजेवरील दुमजली बस 115 क्रमांकाच्या मार्गावर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि नरिमन पॉइंटचे एनसीपीए हे कलाकेंद्र यांच्या दरम्यान सुरू झाल्या होत्या. वरच्या मजल्यावरची पुढची जागा मिळाली तर फोर्टमधील इमारतींचे वरचे मजले डोळ्यांच्या पातळीवर येतात. त्या उंचीवरचे नक्षीकाम पदपथावरून जाणाऱ्याला दिसतच नाही.

दुसरा मार्ग 271, मालाड स्थानक पश्चिम ते मढ जेट्टी, आणि माझ्या मते बेस्टचे खरे मोल अशा मार्गांतच आहे. दक्षिण मुंबई पाहण्याची साधने पुष्कळ आहेत. पण रेल्वे स्थानकापासून शहराच्या काठापर्यंत जाणारे रस्ते लोकल किंवा मेट्रो दाखवू शकत नाही. स्थानकाबाहेरच्या कोंडीतून वाट काढत बस मार्वे रस्त्याला लागते, ऑर्लेमचे चर्च आणि त्याच्या आसपासची ख्रिस्ती वस्ती ओलांडते, मीठ चौकीवर लिंक रोड पार करते आणि मालवणीच्या दाट वस्तीत शिरते. येथवर बस माणसांनी भरलेली असते: पिशव्या सांभाळणाऱ्या बायका, शाळेची मुले, कामावरून सुटलेले कामगार. मालवणी मागे पडली की गर्दी विरळ होत जाते, आयएनएस हमला या नौदलाच्या तळाच्या परिसराच्या भिंती येतात आणि मग पुढचा सगळा रस्ता एका अरुंद भूशिरावरून दक्षिणेकडे जातो, ज्याच्या उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला खाडी व तिवरे आहेत. एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत, मीठ चौकीच्या उड्डाणपुलाखालून निघालेल्या त्याच बसमध्ये बसून, आपण ताडामाडांच्या गावांत येतो हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही.

या टप्प्यावर उतरत-चढत जाणे सर्वांत चांगले. अक्सा येथे विस्तीर्ण किनारा आहे. मात्र तो पोहण्यास धोकादायक असून तेथे अनेकांचे प्राण गेले आहेत, त्यामुळे पाण्यात उतरू नये, विशेषतः पावसाळ्यात. मला स्वतःला एरंगळचा थांबा अधिक महत्त्वाचा वाटतो. तेथे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधलेले सेंट बोनाव्हेंचरचे चर्च अगदी वाळूच्या कडेला उभे आहे, आणि जानेवारीतील जत्रेला मुंबईभरातून ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातले मूळचे मराठीभाषक ख्रिस्ती), कोळी आणि इतर समाजांतील लोक तेथे येतात. एरवी किनारा शांत असतो. पुढे भाटी आणि मढ ही कोळ्यांची गावे लागतात. पावसाळ्यानंतर मासेमारी सुरू झाली की बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. मढचा किल्लाही पोर्तुगीजांचा; वसईच्या मोहिमेच्या काळात, 1739 मध्ये, तो मराठ्यांनी घेतला. आज तो हवाई दलाच्या ताब्यातील परिसरात असल्यामुळे आत जाण्याची अपेक्षा ठेवून जाऊ नये, बाहेरूनच त्याचा दगडी तट पाहावा.

मार्ग संपतो तेथे जेट्टी आहे, आणि हाच या फेरीचा सर्वांत सुंदर भाग आहे. समोर वेसावे, म्हणजेच वर्सोवा, दिसते. तेथे रस्त्याने जायचे तर आल्या वाटेने मालाडपर्यंत मागे जाऊन वीस किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते, पण फेरीबोट काही मिनिटांत खाडी पार करून देते. बोटीत दुचाक्या, माशांच्या पाट्या आणि शाळेची दप्तरे शेजारी शेजारी असतात. मढ आणि वेसावे यांना जोडणारा पूल बांधण्याचा महापालिकेचा प्रकल्प आहे, त्यामुळे हा प्रवास आजच्या स्वरूपात करायचा असेल तर लांबणीवर टाकू नये. वेसाव्याला उतरल्यावर कोळीवाड्यातून बाहेर पडून बसने किंवा 2014 पासून चालू असलेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोने परतता येते.

आता उणिवांविषयी. बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांहून अधिक बस होत्या, ती संख्या अलीकडच्या वर्षांत तीन हजारांच्या खाली गेली, आणि त्यांतही स्वतःच्या मालकीच्या गाड्या थोड्या उरून बहुसंख्य गाड्या कंत्राटदारांच्या आहेत. शहराची लोकसंख्या पाहता हा आकडा अपुरा आहे, आणि याचा भार कामावर जाणाऱ्या माणसावर पडतो; शहर पाहायला निघालेल्याने म्हणूनच सकाळ-संध्याकाळची गर्दीची वेळ टाळावी, निदान त्याची जागा अडवू नये. दुसरी गोष्ट वातानुकूलित बसची. उन्हाळ्यात ती सुखद आहे हे मान्य. परंतु तिची काच बंद असते, आणि मढच्या रस्त्यावर समुद्राचा वारा व सुक्या मासळीचा वास आत आला नाही तर निम्मी फेरी वाया गेली असे मला वाटते. निवड करता येत असेल तर तेथे साधी बस घ्यावी.

भाड्याबाबत: मे 2025 मध्ये पहिल्या टप्प्याचे किमान भाडे साध्या बससाठी 5 वरून 10 रुपये आणि वातानुकूलितसाठी 6 वरून 12 रुपये झाले. ही वाढ रोजच्या प्रवाशाला जाचक आहे. पाहुण्याला मात्र ही सेवा अजूनही फार स्वस्त पडते. दैनिक पास 75 रुपयांचा आहे. 123 ची जाऊन-येऊन फेरी एवढाच बेत असेल तर सुटी तिकिटे पुरेत; 271 वर तीन-चार ठिकाणी उतरायचे असेल तर पास घ्यावा. काही बसमध्ये वाहक नसतो आणि तिकीट थांब्यावरील वाहकाकडून घ्यावे लागते, म्हणून चढण्यापूर्वी विचारावे आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत. मार्ग अधूनमधून बदलले जातात, त्यामुळे निघण्याआधी चलो ॲपवर क्रमांक तपासून पाहावा.

271 आवडला तर त्याच जातीचे आणखी दोन मार्ग आहेत: मालाडहूनच मार्वे किनाऱ्याला जाणारा 272, जेथून मनोरीची बोट मिळते, आणि बोरिवली स्थानकावरून गोराई खाडीला जाणारा 294, जेथून बोटीने पलीकडे विपश्यना पॅगोडाच्या बाजूला उतरता येते. 272 चा बराचसा रस्ता 271 चाच असल्यामुळे मी आधी 294 सुचवेन.