पॉम्पेई की हर्क्युलेनियम? हाताशी एकच दिवस असेल तर

इटलीत शिकताना नेपल्सला एक दिवस मिळाला की हा प्रश्न पडतोच. दोन्ही गावं इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या एकाच उद्रेकात गाडली गेली आणि आज एकाच लोकलच्या मार्गावर आहेत. नेपल्सहून एर्कोलानो स्कावी (हर्क्युलेनियमचं स्टेशन) वीसेक मिनिटांवर, पॉम्पेई त्याच्या साधारण दुप्पट वेळावर.

पॉम्पेई हे अख्खं शहर आहे. साठ हेक्टरांहून मोठं, आणि त्यातला तिसरा हिस्सा अजून मातीखालीच. चौक, नाट्यगृह, गरम जेवणाची दुकानं, रस्ता ओलांडायला ठेवलेले उंच दगड आणि दगडांमधून गाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. (आपण एरवी नुसता वापरतो तो शब्द इथे डोळ्यांना दिसतो.) पण सावली जवळजवळ नाही. जुलैत गेलात तर दुपारपर्यंत माणूस भाजून निघतो, आणि पाहायचं निम्मं राहतं.

हर्क्युलेनियम दोन-तीन तासांत होतं. पॉम्पेईत राख आणि हलक्या दगडांच्या माऱ्याने छपरं कोसळली. इथे मात्र राख आणि वायूचे तप्त लोट आले आणि गावावर वीसेक मीटर जाडीचा थर घट्ट बसला. त्यात लाकूड कुजलं नाही, कोळसा होऊन टिकलं. तुळया, दारं, पलंग, लाकडी आडपडदासुद्धा. काही घरांचे वरचे मजले उभे आहेत. पॉम्पेईत रस्ते पाहून होतात, इथे घरात शिरल्यासारखं वाटतं. खाली जुन्या किनाऱ्यावर होड्या ठेवायच्या कमानी आहेत. समुद्राकडे पळालेल्या सुमारे ३०० जणांचे सांगाडे तिथेच सापडले.

विद्यार्थी ओळखपत्रावर फार भिस्त ठेवू नका. १८ ते २५ वयाची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, पण गर्दी मरणाची.

नगररचना शिकत असाल किंवा हिवाळा असेल, तर पॉम्पेईला पूर्ण दिवस द्या. नाहीतर माझं मत हर्क्युलेनियमला: सकाळी ते, दुपारी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय (मंगळवार सोडून). पॉम्पेईची उत्तमोत्तम भित्तिचित्रं तशीही तिथेच हलवलेली आहेत. शिवाय १९३८ साली पॉम्पेईत सापडलेली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्तीही तिथेच आहे. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती आपल्या भोकरदन आणि तेरला मिळाल्या आहेत. पॉम्पेईची ती मूर्ती संग्रहालयाच्या 'गुप्त दालना'त (कामविषयक कलावस्तूंच्या वेगळ्या दालनात) असते. ते दालन उघडं आहे ना, हे तिकीट काढतानाच विचारून घ्या.