चुन्याची निवळी, सोडा की नुसता पाणीबदल? खान्देशातल्या रीफ टँकचा हिशेब

टँक लावून सहा-आठ महिने झाले, काचेवर गुलाबी कोरलाइन शेवाळ (चुन्यासारखं कडक कवच धरणारं) चढायला लागलं, की जळगाव-भुसावळकडचा मरीन टँकवाला, म्हणजे घरी खाऱ्या पाण्यात प्रवाळ पाळणारा, एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा) टिकवायची कशाने? चुन्याची निवळी (चुना कालवून वर उरलेलं नितळ पाणी) टाकायची, सोडा आणि कॅल्शियम क्लोराइडच्या दोन बाटल्या ठेवायच्या, की दर आठवड्याला पाणी बदलून गप्प बसायचं? मुंबईच्या मित्राचं उत्तर मुंबईत बरोबर असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि टँकमधलं पाणी बघता बघता उडतं. निवड त्यावर ठरते.

आधी आकडे. समुद्राच्या पाण्याचा खारेपणा हजारी ३५, कॅल्शियम ४१०-४२० पीपीएम (दहा लाखांत एवढे भाग), मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आणि अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक). टँकमध्ये अल्कलिनिटी ८-९ ठेवली की बरं पडतं. कोरलाइन, शंख, प्रवाळ हे सगळे जीव कॅल्शियम कार्बोनेटच बांधतात, त्यामुळे दोन्हींचा खर्च ठरलेल्या प्रमाणात होतो: १ डीकेएच उतरली की कॅल्शियम ७ पीपीएम उतरतं. म्हणजे कॅल्शियम ४२० वरून ४१३ झालं तर घरगुती किटला पत्ताही लागत नाही, पण अल्कलिनिटी ८ वरून ७ झालेली लगेच दिसते. म्हणून रोजची नजर अल्कलिनिटीवर ठेवा. कॅल्शियम पंधरा दिवसांतून एकदा मोजलं तरी चालतं.

तुमच्या टँकचा खर्च किती हे कळल्याशिवाय पुढचं सगळं हवेतलं. सात दिवस काहीही टाकू नका, पाणी बदलू नका. पहिल्या आणि सातव्या दिवशी एकाच वेळी अल्कलिनिटी मोजा. फरक दिसलाच नाही, तर पाणीबदल पुरतो. झोआन्थिड, मश्रूम, लेदर अशा सॉफ्ट कोरलच्या (दगडी सांगाडा न बांधणाऱ्या मऊ प्रवाळांच्या) नव्या टँकमध्ये बहुतेकदा हेच निघतं. पण पाणीबदलाची ताकद लोकांना वाटते त्याहून फार कमी असते. समजा तुमच्या मिठाचं पाणी ९ डीकेएचचं आहे, दर आठवड्याला १० टक्के बदलता आणि आठवड्याचा खर्च फक्त ०.२ आहे. एवढ्यावरही टँक हळूहळू घसरत ७ वर येऊन स्थिरावतो, कारण १० टक्के पाणी तुटीचा दहावा हिस्साच भरून काढतं. आठवड्याला १ डीकेएच उतरत असेल तर पाणीबदलाच्या भरवशावर राहू नका. तरी तो बंदही करू नका. मॅग्नेशियम आणि बाकीची सूक्ष्म द्रव्यं चुना किंवा सोडा देत नाहीत, ती याच वाटेने येतात.

दोन बाटल्यांची पद्धत हिशेबाला सरळ आहे. १०० लिटरला १ डीकेएच चढवायला सुमारे ३ ग्रॅम खायचा सोडा आणि त्याच्या जोडीला साधारण २.६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागतं. सोडा म्हणजे सोडाच, बेकिंग पावडर नव्हे. तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं. दोन्ही एकदम ओतले तर तिथल्या तिथे खडू होतो, म्हणून वेगवेगळ्या वेळी, पंपाच्या जोरदार धारेत टाका. मोठा फायदा असा, की किती पाणी उडालं याच्याशी या पद्धतीला देणंघेणं नाही. तोटे दोन. मागे साधं मीठ उरतं, त्यामुळे खारेपणा हळूहळू चढतो. आणि कॅल्शियम क्लोराइड पावसाळ्यात हवेतली ओल ओढून पाणावतं. मग काट्यावरचे ३ ग्रॅम हे ३ ग्रॅम राहत नाहीत. मिरग लागायच्या आधीच वर्षभराचं द्रावण करून ठेवलं की ही कटकट मिटते.

आता चुना. एकाच पुडीत कॅल्शियम आणि अल्कलिनिटी हव्या त्या प्रमाणात, मागे मीठ नाही, वर पीएचही उचलला जातो. खिडक्या लावून एसी चालू असलेल्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच ७.८ पर्यंत उतरतो, तिथे निवळीसारखा उपाय नाही. पानाच्या डबीतला चुना मात्र नको, त्यात काय काय असतं ते टपरीवाल्यालाही सांगता येणार नाही. खाद्य दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. लिटरमध्ये जेमतेम १.६ ग्रॅम विरघळतं, बाकीचं तळाशी बसतं. वरचं नितळ पाणी वापरायचं. झाकण घट्ट ठेवा, नाहीतर हवा लागून वर साय धरते आणि तेवढा चुना वाया जातो. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, डोळे सांभाळा.

निवळी उडालेल्या पाण्याच्या जागी थेंबथेंब द्यायची असते. जितकं पाणी जास्त उडेल तितकी जास्त देता येते, म्हणून खान्देशासाठी ही आदर्श पद्धत, असं मीही मानायचो. माझ्या टँकमध्ये २०० लिटर पाणी आहे. जानेवारीत रोज लिटरभर उडायचं, म्हणून लिटरला अर्धा ग्रॅम चुन्याचं पाणी ऑटो टॉप-अपला (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राला) लावलं. रोजचा खर्च ०.२ डीकेएच, अर्ध्या ग्रॅमने नेमका तेवढाच भरून यायचा. तीन महिने उत्तम चाललं. मग आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठ दिवस गावी गेलो. परत आलो तर पंपावर पांढरं कवच, झोआन्थिड मिटलेले, अल्कलिनिटी १२. उन्हाळ्यात टँकवर पंखा लावल्यामुळे रोज पाच लिटर उडत होतं, म्हणजे रोज अडीच ग्रॅम चुना आत जात होता. मिश्रण तेच होतं, ऋतू बदलला होता.

तेव्हापासून मी चुना ग्रॅममध्ये मोजतो. २०० लिटरला १ ग्रॅम चुना म्हणजे साधारण ०.३८ डीकेएच. रोजचा चुना सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलून एक लिटर पाण्यात, सलाईनच्या नळीने रात्री थेंबथेंब, कारण रात्री पीएच उतरलेला असतो. उरलेली भर साध्या शुद्ध पाण्याची. एक सावधगिरी: लाइट गेली की पंप थांबतो, नळी मात्र टपकत राहते. ती हाताने बंद करायला घरात कोणी नसेल, तर तुमच्यासाठी दोन बाटल्याच बऱ्या.

कूलरचं गणित वेगळं. एक लिटर पाणी उडताना १०० लिटरला जवळपास पावणेसहा अंशांनी थंड करेल एवढी उष्णता घेऊन जातं, म्हणून कोरड्या हवेत टँकवरचा पंखा चिलरची (पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) बरीच गरज भागवतो. पण त्याच खोलीत कूलर लावला की हवा दमट होते, पाणी कमी उडतं आणि टँक तापतो.

भरीचं पाणी यापैकी कोणत्याही पद्धतीत आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं), टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. बोअरचं पाणी रोज पाच लिटर घातलं तर महिन्याभरात दीडशे लिटर पाण्यातले सगळे क्षार टँकमध्ये साठतात. पाण्याच्या जारवाल्याकडे टीडीएस मीटर घेऊन जा, आकडा बघा, मग ठरवा.

दगडी प्रवाळ, म्हणजे ज्यांचा चुन्याचा खर्च खरोखर मोठा असतो ते, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोणी गुपचूप देऊ केले तरी घेऊ नका. सॉफ्ट कोरलच्या टँकला रोज अर्धा-एक ग्रॅम चुना पुष्कळ होतो, आणि आखाजीच्या आठवड्यात गावाला जायचं असेल तर तोही बंद. आठ दिवसांत दीड डीकेएच उतरली तर उतरू द्या. आल्यावर दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त न चढवता भरून काढता येते.