पाण्याखालच्या मॅक्रो लेन्सच्या नावावर माझे ५१,४९९ रुपये गेले, जुना सेट घेणाऱ्यांनी वाचा

५१,४९९ रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गावात तो दीड लाखावर गेलाय आणि सासुरवाडीला पोहोचेस्तोवर दोन लाख झाला. मॅक्रो म्हणजे बारीक जीव जवळून मोठा टिपणारी लेन्स. ती आणि तिच्यासोबत हाउसिंग, म्हणजे कॅमेरा पाण्यात नेण्याचा पाणबंद डबा, असा जुना सेट मी घेत होतो. हिशोब असा आहे: टोकन म्हणून ३,०००. 'पॅकिंगला घेतो' म्हणून २०,२५०. कुरिअरच्या पावतीचा फोटो आल्यावर उरलेले २३,२५०. आणि शेवटी 'ट्रान्झिट इन्शुरन्स, माल मिळाला की परत' म्हणून ४,९९९.

शेवटचा हप्ता वाचून हसणारे हसतील. परत मिळणाऱ्या डिपॉझिटची भानगड मलाही ठाऊक आहे. बदली झालेल्या फौजीची स्वस्तातली बुलेट कशी विकतात, हे मी स्वतः स्टुडिओत बसून लोकांना समजावलेलं आहे. पण तोवर ४६,५०० विकणाऱ्याकडे गेले होते, आणि ते सुटावेत म्हणून माणूस आणखी पाच हजार टाकतो. ज्याचे कधी अडकले नाहीत त्याने अक्कल शिकवू नये.

मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, फोटो स्टुडिओ चालवतो. उन्हाळ्यात लग्नं, दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांचा सीझन, नाटकवाल्यांचे फोटो. आमच्याकडे मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव, गावोगावी आहेत. आमच्या मच्छीमार सोसायटीने तलावातलं बेशरम नावाचं तण उपटून काढलं, तिथे जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यानंतर पाण्यात काय काय परत आलं ते कुणीतरी दाखवायला हवं होतं. झिंग्यांची पिल्लं, चतुराच्या अळ्या, पानाखाली चिकटलेली गोगलगायीची अंडी, मरळीच्या पिल्लांचा घोळका आणि त्यावर राखण करणारी मोठी मरळ. वरून काढलेल्या फोटोत फक्त हिरवं पाणी दिसतं.

'समुद्र सोडून डबक्यात कसली अंडरवॉटर फोटोग्राफी' असं म्हणणाऱ्यांना सांगतो, गढूळ पाण्यात जर काही जमत असेल तर ते मॅक्रोच. लेन्स आणि जीव यांच्यात पाणी जितकं कमी, तितका गाळ कमी दिसतो. वाइड अँगलला, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सला, स्वच्छ पाणी लागतं, मॅक्रोला चार बोटं स्वच्छ पाणी पुरतं. हिवाळ्यात गाळ खाली बसला की तेवढं आमच्या तलावात मिळतं, अन् कमरेएवढ्या पाण्यात उभं राहूनही काम होतं. तेव्हा माझी गरज खोटी नव्हती.

माझ्याकडे निकॉनचा डी५३०० आहे. या बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्यात, ऑटोफोकसची मोटर नाही, ती लेन्समध्येच असावी लागते. निकॉनवाले मॅक्रोला मायक्रो म्हणतात आणि त्यांच्या ६० एमएमच्या दोन लेन्स जुन्या बाजारात फिरतात. एक जुनी एएफ डी, तिच्यात मोटर नाही. दुसरी २००८ ची एएफ-एस जी, तिच्यात आहे. जमिनीवर जुनी लेन्सही उत्तम चालते, हाताने रिंग फिरवायची. पण कॅमेरा हाउसिंगमध्ये बंद केला की हात आत जात नाही. फोकसचं गिअर वेगळं बसवलेलं नसेल तर रिंग बघत राहायची.

१०५ एमएमची लेन्स घ्यावी की ६० ची, हा प्रश्न मी विकणाऱ्या माणसालाच विचारला होता. तिथेच त्याने मला जिंकलं. तो म्हणाला, "१०५ महाग आहे, आणि तुमच्या पाण्यात नकोच. ती लांबून काढते, म्हणजे मधे पाणी जास्त, गाळ जास्त, अंधारात फोकस मागेपुढे धावत बसेल. तुम्ही ६० च घ्या." सांगा मला, महाग वस्तू नको म्हणणाऱ्यावर कोण संशय घेईल? ६० एमएम जी लेन्सचं फोकसचं किमान अंतर सेन्सरपासून १८.५ सेंटीमीटर, म्हणजे काचेपुढे जेमतेम पाचेक सेंटीमीटर उरतात, आणि त्यातही हाउसिंगची काच जागा खाते, म्हणून पोर्ट, म्हणजे हाउसिंगचा पुढचा काचेचा भाग, लेन्सच्या मापाचंच हवं, हे सगळं त्याने बिनचूक सांगितलं. मॅक्रोला सपाट काचेचं पोर्ट, घुमट काच वाइडसाठी, हेही सांगितलं. सपाट काचेतून पाण्यातली वस्तू तिसऱ्या हिश्शाने मोठी दिसते, तो फायदाच, हेही. माहिती बरोबर असली म्हणजे माणूस खरा असतो असं नाही. पण त्या वेळी मला तो गुरू वाटला.

स्वतःला तो मालवणकडचा डायव्हर म्हणवत होता. पावसाळ्यात समुद्र बंद, पैसे अडकलेत, म्हणून सेट काढतोय. मराठी बोलणारा, 'दादा दादा' करणारा. लेन्स २१,०००, हाउसिंग आणि पोर्ट २५,५००. फुकटात देतोय असंही नाही, जुन्या मालाला शोभेल असा भाव. फार स्वस्त असतं तर मी तेव्हाच सावध झालो असतो.

आता ज्या फोटोत सगळं आधीच दिसत होतं, तो फोटो.

त्याने लेन्सचे सहा फोटो पाठवले होते. चौथ्यात त्याने लेन्स हातात धरली आहे आणि त्याचा अंगठा बरोबर नावावर. 'मायक्रो निकॉर ६० एमएम' दिसतं. त्याआधीचं 'एएफ-एस' असायला हवं तिथे अंगठा. हे एक. दुसरं त्याहून वाईट. लेन्सच्या बुडाशी आकड्यांची रिंग स्पष्ट दिसते: २.८, ४, ५.६ आणि शेवटी नारिंगी रंगात ३२. ती अपर्चरची, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र लहानमोठं करायची रिंग आहे. जी लेन्सला अपर्चरची रिंग नसतेच! निकॉन वापरणारा कुणीही हे सांगेल. तो फोटो मी रात्री एका लग्नाच्या मांडवामागे, जनरेटरच्या आवाजात, बोटभर मोबाइलवर पाहिला, आणि नेटवर्क असं की फोटो अर्धा उघडून थांबलेला. शिवाय माझ्याकडच्या सगळ्या लेन्स नव्या पद्धतीच्या, रिंगवाली कधी वापरलीच नाही. हाउसिंगचे फोटो एकदम झकास होते, मन त्याच्यावरच खिळलं. आता तोच फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून बघतो तेव्हा तो नारिंगी ३२ डोळ्यात घुसतो. त्या अंगठ्याचं नख वाढलेलं होतं हेसुद्धा मला आता पाठ आहे.

विकणाऱ्याला लेन्सचा सिरियल नंबर आणि बाजूला आजची तारीख लिहिलेला कागद, असा फोटो मागा. त्याहून बरं म्हणजे व्हिडिओ कॉलवर लेन्स तुमच्याच मॉडेलच्या बॉडीला लावायला सांगा आणि शटर अर्धं दाबायला सांगा. फोकस हलला पाहिजे. मी व्हिडिओ कॉल मागितला होता, नाही असं नाही. तो म्हणाला बोटीवर आहे, रेंज नाही. आमच्या इकडेही रेंजची तीच बोंब, त्यामुळे मला ते खरं वाटलं.

पार्सल आलं. आत एएफ डी. कॅमेऱ्याला लावली तर आधी एफईई हा एरर दाखवला, कारण रिंग ३२ वर लॉक नव्हती. लॉक केली, मग शटर दाबतोय तर फोकस हलेना, मोटरच नाही. मागून टॉर्च मारला तर आत बुरशीचं जाळं, कडेपासून मधोमध पसरलेलं. सोसायटीतला आमचा एक धीवर भाऊ सोबत होता. त्याला लेन्समधलं काही कळत नाही, तरी तो म्हणाला, "काय जी भाऊ, हे तं जुना डब्बा पाठवला तुमाले." पैसे किती गेले ते मी त्याला तेव्हा सांगितलं नाही.

हाउसिंग डी५३०० चं नव्हतंच. हाउसिंग एकेका मॉडेलचं असतं, बटणं ज्याच्या त्याच्या जागी. कॅमेरा आत कसाबसा बसला, पण शटरचा दांडा शटरवर येईना. तरी वाटलं, निदान डबा तरी कामाचा निघेल. कॅमेरा न ठेवता आत कोरडा टिश्यू पेपर घातला, वर दगड बांधला आणि गोठ्यातल्या टाक्यात बुडवून ठेवला. बाहेर काढला तर टिश्यूचा लगदा. ओ-रिंगच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या खाचेत केसासारखी चीर होती आणि ओ-रिंग भलत्याच मापाची. म्हणून सांगतो, नवं असो की जुनं, हाउसिंग पहिल्यांदा रिकामंच बुडवा. ओ-रिंगवर वाळूचा एक कण, एक केस राहिला तरी पाणी आत येतं. मी हे केलं म्हणून डी५३०० तरी वाचला.

आता ज्यांच्यासाठी आपण कर भरतो त्यांचं ऐका.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. लागला, बराच वेळ वाजत राहिला, शेवटी तक्रार घेतली आणि पावती क्रमांक आला. पण पैसे गेल्यावर लगेच फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येते. माझ्या बाबतीत पार्सल येईपर्यंत फसवणूक कळलीच नाही, तोवर खातं रिकामं. ते पार्सल पाठवण्याचा उपयोग हाच होता, मधले दिवस काढायचा, हे आता समजतंय. तुम्हाला नुसता संशय आला तरी थांबू नका, फोन लावा.

बँकेत गेलो. साहेब म्हणाले, "पिन तुम्हीच टाकला ना?" हो. "मग?" रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक ग्राहकाला वाचवायचं, पण ते तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांना. स्वतः पाठवलेल्याला ते कामाचं नव्हतं. बरं, नियम आहे, मान्य. पण समोरचं खातं कुणाचं, कुठल्या शाखेचं, एवढं तरी सांगा. तर 'गोपनीय'. चोराची गोपनीयता जपली जाते, माझं नाव मात्र तिथे रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं.

कुरिअरवाला म्हणाला, पार्सल उघडलंत, आता आमचा संबंध नाही. (उघडताना पहिल्या टेपपासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढा, पार्सलवरचा डॉकेट नंबर, म्हणजे कुरिअरचा पावती क्रमांक, दिसेल असा. मी लग्नांचे तासन् तास व्हिडिओ काढतो आणि स्वतःच्या पार्सलचा काढला नाही.)

आणि पोलीस ठाणं. तिथे जे ऐकलं ते डोक्यातून जात नाही. "लेन्स मागितली, लेन्स आली. मग फसवणूक कुठे?" मी जी आणि डी समजावून सांगतोय. "फोटो निघतात ना यातून?" निघतात, पण पाण्याखाली नाही. "मग जमिनीवर काढा." हा दिवाणी वाद आहे, म्हणे, कोर्टात जा. रिकामा डबा आला असता तर गुन्हा झाला असता, सडकी लेन्स आली म्हणून तो व्यवहार! चोराला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्याने काहीतरी पाठवलं. मग म्हणाले आरोपी मालवणचा, तिकडे जा. अहो, तो मालवणचा आहे हे त्याचं म्हणणं! आणि हद्द कुठलीही असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली तक्रार नोंदवून घ्यावी लागते. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८(४). हे मी मोबाइलवर वाचून दाखवलं तर साहेबांचा चेहरा असा झाला की जणू मीच आरोपी. निघताना एका जमादारांनी विचारलं, "आलेच आहात तर पुढच्या आठवड्यात ठाण्याचा कार्यक्रम आहे, फोटो काढून द्याल का?" काढून दिले. बिल अजून बाकी आहे.

जिल्ह्याच्या सायबर शाखेने ठाण्याकडे बोट दाखवलं, ठाण्याने सायबर शाखेकडे. नोंद घेतच नसतील तर तक्रार लेखी करून पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, तेही कलम १७३ मध्येच आहे. तशी पाठवली, पोचपावती जपून ठेवली आहे. चॅटचे स्क्रीनशॉट त्याच रात्री घ्या. त्याने आपली बाजू पुसून टाकली, पण माझ्याकडे अंगठ्याचा फोटो उरला.

ज्यांचं बजेट माझ्याएवढंच आहे त्यांनी हाउसिंगच्या मागे लागण्याआधी एक करून बघा. मासे ठेवायची लहान काचेची पेटी घ्या, अर्धी पाण्यात दाबा, कॅमेरा आत कोरडा ठेवा आणि लेन्स काचेला भिडवा. उथळ पाण्यात झिंग्यांचे फोटो असे निघतात, एक हात सतत पेटीच्या काठावर ठेवा म्हणजे झालं. फ्लॅश लेन्सच्या तोंडाशी नको, बाजूने तिरका मारा, नाहीतर गाळाचा कण न् कण पांढरा चमकतो. जुनी लेन्स घ्यायची तर एक दिवस मोडा, नागपूरला सीताबर्डीत जा, स्वतःच्या बॉडीला लावून घ्या. मी तो एक दिवस वाचवायला गेलो होतो, लग्नाची तारीख होती म्हणून.

लेन्स आणि डबा अजून स्टुडिओत पडून आहेत. पुरावा म्हणून जमा करून घ्या म्हटलं तर ठाण्यात घेत नाहीत. बुरशी सांगून, मोटरवाली बॉडी असलेल्या कुणाला चार हजारांत देऊन टाकू का, असं विचारलं तर म्हणतात, विकू नका, तो पुरावा आहे.