उमेदवारांची शपथपत्रे पाहण्याची सेवा आणि नव्या पक्षाचे भवितव्य

भ्रष्टाचाराविरुद्ध लढण्यासाठी स्थापन झालेला एखादा नवा पक्ष लोकसभेच्या रिंगणात उतरतो, तेव्हा तो मतदारासमोर मुख्यतः एकच गोष्ट ठेवतो, ती म्हणजे आपल्या उमेदवाराचे चारित्र्य. आमचा उमेदवार स्वच्छ आहे, हा त्याचा दावा घरबसल्या आणि एक पैसाही खर्च न करता तपासण्याची सोय आज आपल्याला उपलब्ध आहे. उमेदवारांनी अर्जासोबत दिलेल्या शपथपत्रांचे निवडणूक आयोगाचे संकेतस्थळ, आयोगाचेच ‘नो युवर कँडिडेट’ हे ॲप आणि असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स अर्थात एडीआर या संस्थेचे ‘मायनेता’ हे संकेतस्थळ अशा तीन ठिकाणी ही माहिती मिळते. मी या सोयीचा नियमित वापर करते आणि तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. मात्र हे परीक्षण मी एका ठरावीक प्रश्नाच्या अनुषंगाने करते आहे: नव्या पक्षाला मत देऊ पाहणाऱ्या मतदाराला ही सेवा कितपत उपयोगी पडते आणि कुठे अपुरी पडते?

ही सोय आपल्याला सहजासहजी मिळालेली नाही, हे आधी नमूद केले पाहिजे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये एडीआरची स्थापना केली आणि उमेदवारांची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता व शिक्षण मतदारांना कळलेच पाहिजे, यासाठी न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी मतदाराचा हा अधिकार मान्य केला. त्यानंतर संसदेने कायद्यात दुरुस्ती करून त्या निकालाची धार बोथट केली, आणि १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ती दुरुस्तीच रद्दबातल ठरवली. आज आपण मोबाइलवर दोन-चार वेळा बोट टेकवून जे पाहतो, त्यामागे हा सगळा लढा आहे.

वापर सोपा आहे. निवडणूक, राज्य आणि मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी येते. कोणाचा अर्ज वैध ठरला, कोणाचा बाद झाला आणि कोणी माघार घेतली, हेही तिथेच दिसते. नावावर गेले की नमुना २६ मधील शपथपत्राची स्कॅन केलेली पाने उघडतात. ती पाने एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावीत, असा माझा आग्रह आहे. प्रत्येक पानावर उमेदवाराची सही आणि नोटरीचा गोल शिक्का असतो. हातातील रोख रक्कम, बँकेतील ठेवी, सोने किती ग्रॅम, वाहने, शेतजमिनीचा गट क्रमांक, कर्ज, सरकारी देणी, पती किंवा पत्नीचे व अवलंबितांचे उत्पन्न आणि फौजदारी प्रकरणे असे रकाने ओळीने येतात. ज्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नसते, तिथे ‘निरंक’ असा शब्द असतो. रकाना कोरा ठेवता येत नाही, कारण माहिती न भरलेले शपथपत्र फेटाळता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. एखाद्या उमेदवाराच्या शपथपत्रात स्थावर मालमत्तेची तीन पाने भरलेली दिसतात आणि दुसऱ्याच्या त्याच रकान्यात वडिलोपार्जित घराचा चौथा हिस्सा एवढीच नोंद असते, तेव्हा दोघांची आयुष्ये समोर उभी राहतात. प्रचाराच्या भाषणातून हे कधीच कळत नाही.

‘मायनेता’चा उपयोग वेगळा आहे. तिथे या लांबलचक कागदांचे सार काढलेले असते; खटल्यांची संख्या, एकूण मालमत्ता, देणी आणि शिक्षण एका ओळीत येते आणि जुना उमेदवार पुन्हा उभा असेल तर त्याची मालमत्ता पाच वर्षांत किती वाढली, हेही ताडून पाहता येते. घाईत असलेल्या मतदाराने सुरुवात इथून करावी आणि शंका आली की मूळ शपथपत्राकडे जावे. माघारीची मुदत संपल्यानंतर मतदानापर्यंत साधारण दोन आठवडेच हातात असतात, हे लक्षात घेतले तर अशा साराचे मोल कळते.

तरीही केवळ संख्येवर विसंबू नये, हे मी कळकळीने सांगेन, आणि नव्या पक्षाच्या बाबतीत तर विशेषच. भ्रष्टाचारविरोधी पक्षाचे उमेदवार बहुधा आंदोलनातून आलेले असतात आणि आंदोलकावर जमावबंदी मोडल्याचे, रस्ता अडवल्याचे गुन्हे दाखल होतातच. २०१४ मध्ये आम आदमी पक्षाने कन्याकुमारीतून एस. पी. उदयकुमार यांना उमेदवारी दिली होती. कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनाचे ते नेते, आणि त्यांच्या नावावर पावणेचारशेहून अधिक प्रकरणे नोंदलेली होती. नुसता आकडा पाहणाऱ्याला हा माणूस देशातला सर्वांत मोठा गुन्हेगार वाटेल. म्हणून कलमे वाचावी लागतात: खंडणी, अपहरण आणि लाचखोरी एकीकडे, मनाई आदेशाचा भंग दुसरीकडे. एडीआर गंभीर गुन्ह्यांची वेगळी मोजणी करते, ही त्या सेवेची जमेची बाजू आहे. परंतु एखादा खटला कशातून उद्भवला, हे समजून घेण्याचे काम शेवटी वाचणाऱ्यालाच करावे लागते.

पक्षाच्या पैशाविषयी मात्र ही सेवा जवळजवळ मूक आहे. शपथपत्र उमेदवाराच्या खिशाचे असते, पक्षाच्या तिजोरीचे नसते. आम आदमी पक्षाने सुरुवातीच्या काळात देणगीदारांची यादी संकेतस्थळावर खुली ठेवली होती, ते पाहून माझ्यासारख्या अनेकांना उमेद वाटली होती. पुढे ती यादी काढून टाकण्यात आली आणि ती उमेदही ओसरली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना निनावी देणग्या देण्याची निवडणूक रोखे योजना रद्द केली, तो खटलाही एडीआरनेच लढवला होता. तरी उमेदवाराच्या नावाशेजारी त्याच्या पक्षाच्या देणग्यांचा तपशील दिसेल, अशी सोय अजून झालेली नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. उमेदवार स्वच्छ आहे की नाही, हे ही सेवा उत्तम रीतीने सांगते. तो निवडून येण्याच्या स्थितीत आहे का, हे ती मुळीच सांगत नाही. नव्या पक्षाचे घोडे नेमके याच ठिकाणी अडते.

२०१४ चे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. एप्रिल २०११ मध्ये अण्णा हजारे जंतरमंतरवर उपोषणाला बसले, ऑगस्टमध्ये रामलीला मैदान भरले, नोव्हेंबर २०१२ मध्ये आम आदमी पक्ष स्थापन झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये पहिल्याच प्रयत्नात त्याने दिल्ली विधानसभेच्या ७० पैकी २८ जागा जिंकल्या. जनलोकपाल विधेयकाच्या प्रश्नावर ४९ दिवसांत पक्षाच्या दिल्लीतील सरकारने राजीनामा दिला आणि काही आठवड्यांतच पक्ष लोकसभेसाठी देशभरात सव्वाचारशेपेक्षा जास्त जागांवर उभा राहिला. महाराष्ट्रातही नावे मोठी होती: ईशान्य मुंबईतून मेधा पाटकर, नागपुरातून अंजली दमानिया, नाशिकमधून सिंचनातील गैरव्यवहारांवर बोट ठेवणारे निवृत्त अभियंता विजय पांढरे. यांपैकी एकालाही अनामत रक्कम वाचवता आली नाही. अनामत वाचवण्यासाठी वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते लागतात, आणि देशभरात या पक्षाच्या चारशेहून अधिक उमेदवारांना ती मिळाली नाहीत. चार जागा आल्या, त्या चारही पंजाबातून. दिल्लीत सातही मतदारसंघांत पक्ष दुसऱ्या क्रमांकावर राहिला आणि सुमारे ३३ टक्के मते मिळूनही हाती काही लागले नाही.

याच निवडणुकीत बिजू जनता दलाने देशातील १.७ टक्के मतांवर २० जागा जिंकल्या, कारण ती मते एकट्या ओडिशात एकवटलेली होती. आम आदमी पक्षाची मते साधारण दोन टक्के, म्हणजे त्याहून थोडी अधिक, पण ती देशभर विखुरलेली. बहुजन समाज पक्षाला तर चार टक्क्यांहून जास्त मते पडून एकही जागा मिळाली नाही. आपल्या निवडणूक पद्धतीत सदिच्छा देशभर पसरून चालत नाही, ती एका मतदारसंघात साठावी लागते. शपथपत्रांची सेवा पाहताना मतदाराच्या हाती ही माहिती नसते, म्हणून चांगले शपथपत्र वाचून तो उत्साहाने मत देतो आणि निकालाच्या दिवशी निराश होतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. त्या निवडणुकीत मी एका नव्या पक्षाची मतदान प्रतिनिधी म्हणून आमच्याच केंद्रावर बसले होते. त्या वेळच्या नियमानुसार प्रतिनिधी त्याच किंवा शेजारच्या केंद्राचा मतदार असावा लागे. पुढे हा नियम शिथिल झाला. सकाळी सहाला शाळेच्या वर्गात मॉक पोल म्हणजे यंत्राची चाचणी झाली, यंत्राला सील लागले, आम्ही सह्या केल्या आणि सातला मतदान सुरू झाले. माझ्या शेजारच्या बाकावर एका जुन्या पक्षाचे साठीचे प्रतिनिधी बसले होते. मतदार दारातून आत आला की मतदान अधिकाऱ्याने नाव पुकारण्याआधीच काका यादीतल्या नेमक्या नावावर पेन्सिलीने खूण करीत. कोणाची सून माहेरी गेली आहे, कोणाचा मुलगा पुण्याला असतो, कोणत्या घरातून अजून कोणी आलेले नाही, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. दुपारी गर्दी ओसरल्यावर ते मला म्हणाले, “ताई, तुमचा माणूस भला आहे, मी काही नाही म्हणत नाही. पण आमच्या आळीत चिठ्ठी द्यायलासुद्धा तुमचं कोणी फिरकलं नाही.” माझ्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या उमेदवाराचे शपथपत्र मी छापून आळीतल्या दहा-बारा घरांत दाखवले होते आणि लोकांनी ते मान डोलावून वाचलेही होते. पण मतदानाच्या दिवशी लोक ओळखीच्या माणसाकडे पाहतात, आणि आमच्यापाशी तेवढी माणसे नव्हती. आसपासच्या अनेक केंद्रांवर आमच्या पक्षाची खुर्ची रिकामीच होती.

एका लोकसभा मतदारसंघात सरासरी सतराशेच्या आसपास मतदान केंद्रे होती. देशभरात मिळून नऊ लाखांहून अधिक. प्रत्येक केंद्रावर एक प्रतिनिधी म्हटले तरी नव्या पक्षाला एकेका मतदारसंघात सतराशे विश्वासू माणसे हवीत, आणि मतदानापूर्वी घरोघरी जाणारी त्याहून कितीतरी जास्त. दीड वर्षाच्या पक्षाला हे देशभर कुठून जमणार होते?

त्यानंतरच्या वाटचालीने हेच दाखवले. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याच दिल्लीत ७० पैकी ६७ जागा आल्या, कारण तिथे वस्तीवस्तीत माणसे होती. २०२२ मध्ये पंजाबात ११७ पैकी ९२ जागा मिळाल्या. पण लोकसभेत २०१९ ला एक जागा आणि २०२४ ला तीन, सर्व पंजाबातच. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय पक्षाचा दर्जा मिळूनही चित्र पालटले नाही. २०२४ मध्ये मद्य धोरणाच्या प्रकरणात पक्षाच्या प्रमुखांना अटक झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीही गेली, तिथे २२ जागा उरल्या. आरोपांचा निकाल लावणे हे न्यायालयाचे काम आहे. मी एवढेच म्हणेन की ज्या पक्षाचे सारे भांडवल स्वच्छतेच्या दाव्यात असते, त्याला नुसत्या आरोपाचीही किंमत इतरांपेक्षा जास्त मोजावी लागते.

इतर पक्षांच्या मतदारांवर मात्र शपथपत्रांचा तेवढा परिणाम झालेला दिसत नाही. एडीआरच्याच आकडेवारीनुसार फौजदारी प्रकरणे जाहीर केलेले खासदार २००९ मध्ये १६२, २०१४ मध्ये १८५, २०१९ मध्ये २३३ आणि २०२४ मध्ये २५१ होते. माहिती खुली होत गेली आणि हा आकडाही चढत गेला. यात त्या सेवेचा दोष आहे असे मला वाटत नाही. स्कॅन केलेली पाने मोबाइलवर वाचायला त्रासदायक आहेत, त्यांत शब्द शोधता येत नाही, आणि ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज आहे त्या मतदारांपर्यंत ती पोहोचत नाहीत.

माझी एक सूचना आहे. प्रत्येक निवडणुकीनंतर नमुना २० मध्ये केंद्रनिहाय मते प्रसिद्ध होतात. उमेदवाराच्या शपथपत्राच्या शेजारीच त्याच्या पक्षाला त्या मतदारसंघात मागील निवडणुकीत केंद्रनिहाय किती मते पडली, हे दाखवणारा एक दुवा दिला, तर नव्या पक्षाची ताकद कुठे साठली आहे आणि कुठे ती केवळ सदिच्छा आहे, हे मतदाराला व त्या पक्षालाही एका नजरेत कळेल. सव्वाचारशे जागा लढवण्याऐवजी चाळीस जागांवर पाच वर्षे काम करावे, असा निर्णय पक्षाला त्या कागदावरून घेता येईल.

तोवर या सेवेचा वापर प्रत्येकाने करावा, असेच मी सांगेन. उमेदवाराची पारख करण्यासाठी याहून विश्वासार्ह साधन मला माहीत नाही. पुढच्या लोकसभेच्या वेळीही एखादा नवा पक्ष आमच्या मतदारसंघात उभा राहिला, तर मी आधी त्याच्या उमेदवाराचा नमुना २६ शेवटच्या पानापर्यंत वाचेन आणि मग पक्षाच्या कार्यालयात जाऊन विचारेन की आमच्या केंद्रावर तुमचा प्रतिनिधी कोण आहे, आणि आमच्या आळीत चिठ्ठ्या घेऊन कोण येणार आहे.