लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क बॅकअपसाठी: वर्षभर वापरल्यानंतर

लॅपटॉपला एसएसडी (नव्या प्रकारची, वेगवान डिस्क) बसवली की आतली हार्ड डिस्क बहुतेकांच्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडते. माझी ५०० जीबीची अडीच इंची साटा (जोडणीचा प्रकार) डिस्क मी केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीने लॅपटॉपला जोडता येणाऱ्या डबीत घातली आणि आता घरचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, गावच्या जमिनीचे स्कॅन केलेले कागद, सगळं तिच्यावर आहे. विंडोजमध्ये जागा ४६५ जीबी दिसते. घाबरू नका, डिस्क तीच आहे, मोजण्याची पद्धत वेगळी.

केसिंग यूएसबी ३.० चंच घ्या. २.० वर सेकंदाला ३०-३५ एमबीच्या पुढे वेग जात नाही. तीच डिस्क ३.० वर मोठ्या फाइली ८०-९० एमबीने घेते. हजारो छोटे फोटो मात्र तिथेही रेंगाळतात. यापेक्षा महाग केसिंगवर पैसे घालू नका, ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेरे घेणारी) डिस्क याहून फार पळणार नाही. अडीच इंची डिस्कला ५ व्होल्ट पुरतात, म्हणून वेगळा अडॅप्टर लागत नाही. डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला लागतो.

पण हे सगळं नंतर. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची तब्येत बघा. ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ (डिस्कवरच्या खराब झालेल्या, बदललेल्या जागा) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (खराब असल्याचा संशय असलेल्या जागा) यांचे रॉ (मूळ) आकडे शून्य हवेत. माझे अजून शून्यच आहेत, तरी दर महिन्याला बघते. काही केसिंग ही माहिती पुढे पाठवतच नाहीत. तसं निघालं तर मी ते सरळ परत करेन, कारण आतलं दिसत नसेल तर जुन्या डिस्कवर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?

घरी सगळे विंडोजवाले, म्हणून डिस्कचा फॉरमॅट (फाइली मांडण्याची पद्धत) एनटीएफएस. मॅकवर ते वाचता येतं, लिहिता येत नाही. दोन्हीकडे वापरायची असेल तर एक्सफॅट करा. फॅट३२ नकोच, ४ जीबीच्या वरची फाइल ते घेत नाही आणि लग्नाचे व्हिडिओ तिथेच अडतात.

वर्षभरात त्रास दिला तो केबलने. मायक्रो-बीचं ते रुंद टोक सैल झालं, की जरा धक्का लागला तरी कॉपी मध्येच तुटते. नवी केबल घेतल्यावर तक्रार नाही. कॉपी चालू असताना मी डिस्क जागची हलवत नाही आणि काढताना ‘सेफली रिमूव्ह’ चुकवत नाही. काम झालं की डिस्क काढूनच ठेवते, म्हणजे तोवर लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला तरी बॅकअपपर्यंत पोचणार नाही.

फोटोंची आणि जमिनीच्या कागदांची आणखी एक प्रत बहिणीकडच्या डिस्कवर आहे. आकडे शून्य असले तरी जुनी डिस्क कधीही अचानक बंद पडू शकते. सॉफ्टवेअर ‘कॉशन’ (सावधानतेचा इशारा) दाखवत असेल, तर तिच्यावर फक्त पुन्हा डाउनलोड करता येतील असे सिनेमे ठेवा.